सोऱ्या, चकली आणि माणसाची कातडी

दिवाळी अंक आला की संपादक या सदराला नेहमीपेक्षा दोन पाने सढळ हाताने देतात आणि वर बजावतात, "विषय मात्र सणाला शोभेलसा घ्या." यंदाचा विषय सणाला शोभेल की नाही, देव जाणे. पण तो सुचला ऐन फराळाच्या धांदलीत, गेल्या दिवाळीला, मंडणगडला दादाच्या स्वयंपाकघरात.

मंडणगड म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तरेकडचे शेवटचे टोक. खेडला रेल्वेतून उतरावे, एस. टी. धरावी आणि वळणे मोजीत जावे. तालुक्याच्या उत्तरेला सावित्री. ती ओलांडली की रायगड जिल्हा लागला. मुंबईकरांना या तालुक्यातले वेळास तेवढे ठाऊक असते, तेही कासवांमुळे. नाना फडणविसांचे ते गाव, हे बहुतेकांना कासवे पाहून परत निघताना कळते.

वहिनी पाटावर बसून चकल्या पाडीत होत्या. मी चहाचा कप घेऊन उंबऱ्यात टेकलो होतो. पुतणी दुसरा सोऱ्या दाबून दाबून घामाघूम झाली होती. भाजणी घट्ट भिजली होती. ती जोर लावी आणि वेटोळे पुरे होण्याआधीच चकली तुटे.

"अगं, जोर कसला लावतेस?" वहिनी म्हणाल्या. "रगडून काढलंस की काटा मोडणारच. पाण्याचा हात लाव, पुन्हा मळ आणि हलक्या हाताने दाब."

हे दाखवायला त्यांनी उजवा हात पुढे केला. त्या हाताकडे मी अजून सरळ पाहू शकत नाही. कोपरापासून मनगटापर्यंत कातडीवर जाळीची नक्षी उमटलेली आहे, ओल्या वाळूवर मासे पकडायचे जाळे दाबून उचलावे तशी.

त्याला आता काही दिवाळ्या झाल्या. अशाच चकल्या चालल्या होत्या. कढई कलंडली आणि उकळते तेल हातावर आले. शेजारच्या काकू धावत आल्या आणि त्यांनी टूथपेस्टची अख्खी ट्यूब वहिनींच्या हातावर रिकामी केली. माया खरी, उपाय चुकीचा. भाजल्याबरोबर नळाचे साधे गार पाणी वीस मिनिटे हातावर सोडायचे असते. बर्फ नको, हळद नको, शाई नको आणि पेस्ट तर नकोच; डॉक्टरांचा पहिला वेळ ती खरवडून काढण्यातच जातो. गावच्या दवाखान्यात पट्टी बांधली आणि जखम खोल आहे, मुंबई गाठा, असे सांगितले. पाच-सहा तासांचा तो प्रवास दादा अजून कोणाला वर्णन करून सांगत नाही.

मुंबईला शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. मांडीवरून कातडीचा पातळ पापुद्रा सोलून काढला, कागदाच्या दोन-तीन पदरांएवढ्या जाडीचा. त्याला बारीक बारीक चिरा देऊन जाळी केली, म्हणजे तो ताणून जास्त जागा झाकतो, आणि तो हातावर बसवला. शुद्धीवर आल्यावर वहिनी पहिले वाक्य बोलल्या ते असे: "हात भाजला तो भाजला, माझी मांडी का हो सोललीत?" मांडीचे दुखणे हातापेक्षा जास्त होते. तसे ते होतेच. खोल भाजलेल्या जागी दुखण्याचे ज्ञानतंतूही जळून गेलेले असतात, उलट सोललेल्या जागी ते सगळे उघडे पडतात. पण हे त्यांना आधी कोणी सांगितले नव्हते, आणि हा राग त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही.

तर त्या दिवशी दादाने वर्तमानपत्रातून डोके वर काढले आणि मला विचारले, "तू असलं काहीबाही लिहितोस ना? हे बघ. यंत्रातून कातडी छापणार म्हणे."

वहिनींचा सोऱ्या थांबला. "म्हणजे मांडी सोलायला नको?"

त्या प्रश्नाला मी तिथे धड उत्तर दिले नाही. मुंबईला परत आल्यावर पुस्तके चाळली, जाणकारांना विचारले. त्यातून हाती लागले ते हे.

माणसाची कातडी त्याच्याच अंगावरून घ्यायची, ही युक्ती जुनी आहे आणि तिची एक प्रसिद्ध हकीकत आपल्या पुण्याजवळचीच आहे. इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. टिपूच्या लोकांनी त्याचे नाक कापले. पुढे पुण्याजवळ एका वीटकाम करणाऱ्या जातीतल्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून खाली आणली आणि त्याला नवे नाक करून दिले. दोन इंग्रज वैद्यांनी हे डोळ्यांनी पाहिले, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासकट हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यवैद्याने वीस वर्षे विचार केला आणि १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली. यात मोठे गमक काय, तर कपाळाची ती पट्टी मुळापासून तोडलेली नव्हती. एका टोकाला रक्ताचा पुरवठा चालू ठेवून ती वळवली होती. रक्त पोचले तरच कातडी जगते, हे त्या पुणेरी कारागिराला ठाऊक होते. त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

परक्याची कातडी का चालत नाही? चालते, पण पाहुण्यासारखी. दोन-तीन आठवडे ती जखम झाकते, शरीरातले पाणी आणि मीठ झिरपू देत नाही, जंतूंना अडवते; मग शरीर तिला झिडकारते. तेवढी मुदतही कित्येकदा जीव वाचवायला पुरते. निम्मे अंग भाजलेल्या माणसाची सोलायची तरी कुठली मांडी? अशांसाठी मृत व्यक्तींनी दिलेली कातडी ग्लिसरॉलमध्ये जपून ठेवतात. देशातली अशी पहिली त्वचापेढी २००० साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही अशी पेढी आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर भाजतात. मोजक्या पेढ्या त्यांना कशा पुऱ्या पडाव्यात?

मग कातडी वाढवावी. तेही झाले. १९७५ साली अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवॉल्ड यांनी माणसाच्या वरच्या कातडीच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून दाखवल्या. १९८३ साली बोस्टनला दोन लहान भाऊ आले, अंगाचा पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भाग जळालेले. त्यांच्या अंगावर शिल्लक राहिलेल्या चांगल्या कातडीचा छोटासा तुकडा घेऊन त्यापासून चादरीच्या चादरी वाढवल्या आणि दोघेही वाचले. पण बशीतली चादर वाढायला तीन आठवडे लागतात. ती इतकी नाजूक असते की हाताळताना फाटते. आणि तिला खालचा जाड थर, ज्याच्यामुळे कातडी ताणते आणि टिकते, तो नसतोच. म्हणून पेशी एकेक करून जागच्या जागी, थरावर थर मांडता येतील का, असा विचार पुढे आला. थराथराने वस्तू घडवायची ही त्रिमितीय छपाईची रीत. १९८८ साली रॉबर्ट क्लेब यांनी कचेरीतल्या शाईच्या छपाईयंत्रात फेरफार करून पेशींची मांडणी करून पाहिली, तर २००३ साली थॉमस बोलंड यांनी तशाच यंत्रातून जिवंत पेशी छापल्या.

आता पुन्हा त्या सोऱ्याकडे वळतो.

पेशी नुसत्या पाण्यात सोडल्या तर जखमेवरून वाहून जातात. म्हणून त्या एखाद्या जेलीसारख्या पदार्थात कालवतात; त्या कालवणाला जैवशाई म्हणतात. शाई पातळ असेल तर छापलेले पसरते. घट्ट असेल तर बारीक तोंडातून काढायला जोर लागतो, आणि नळीच्या कडेला घासताना पेशी ताणल्या जाऊन फुटतात. छापल्यावर दिसायला कातडी झकास, आतल्या पेशी मात्र मेलेल्या! पुतणीची चकली आणि शास्त्रज्ञांची कातडी एकाच कारणाने बिघडत होती. वहिनींनी तिला जे सांगितले, की हलक्या हाताने दाब, ते यंत्राला सांगायचे कसे, ही अडचण होती. आणि ती ज्या विद्येने सोडवली तिचे नाव मायक्रोफ्लुइडिक्स. केसाएवढ्या बारीक वाटांतून पाणी खेळवण्याची ही विद्या आहे.

पाणी मोठ्या नळीत एक वागते आणि बारीक नळीत दुसरेच. १८८३ साली मँचेस्टरला ऑसबर्न रेनल्ड्स नावाच्या प्राध्यापकाने काचेच्या नळीतून पाणी सोडले आणि मधोमध रंगाची बारीक धार सोडली. पाणी सावकाश होते तोवर रंग दोऱ्यासारखा सरळ गेला. वेग वाढवला तसा दोरा थरथरला आणि एका क्षणी साऱ्या नळीत रंगच रंग झाला. नळी जितकी बारीक आणि वेग जितका कमी, तितका हा दोरा सरळ राहतो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या वाटेत तर पाणी आपला अवखळपणा पार विसरते आणि मधासारखे वागते. तिथे दोन धारा शेजारी शेजारी सोडल्या तर त्या एकमेकींत घुसळत नाहीत. मुंजीच्या पंगतीत शेजारी बसलेल्या दोन भांडलेल्या जावांसारख्या अंग चोरून, खांद्याला खांदा लावून पुढे सरकतात. मिसळण होते ती फक्त मधल्या सीमेवर, अगदी सावकाश.

हा स्वभाव छपाईच्या कामाला येतो. एका वाटेने पेशींचे पातळ कालवण आणा. शेजारच्या वाटेने ते घट्ट करणारे द्रव्य आणा. दोन्ही तोंडाशी भेटू द्या. म्हणजे पेशी वाटेत असतात तोवर त्यांच्या भोवती पातळ द्रव असतो, कसलाही जोर नाही. आणि बाहेर पडता पडता सगळे थिजते. पीठ सोऱ्यात पातळ आणि तेलात पडताना घट्ट! वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, अशी भाजणी कुठे मिळते ते आधी सांगा.

कॅनडातल्या टोरोंटो विद्यापीठात ॲक्सल ग्युंथर यांच्या प्रयोगशाळेत याच तत्त्वावर हातात धरायचे एक यंत्र तयार झाले. नवीद हकीमी या त्यांच्या विद्यार्थ्याचा आणि सहकाऱ्यांचा लेख २०१८ साली प्रसिद्ध झाला. यंत्र जोड्याच्या खोक्याएवढे, वजन एक किलोच्या आत. लिहिताना चूक झाली की पांढरी फीत ओढून ती झाकायचे एक साधन मुलांच्या कंपासपेटीत असते; हे यंत्र जखमेवरून तसेच ओढायचे. पोटातल्या चपट्या पेटीत बारीक वाटांचे जाळे असते, तव्यावर धिरडे सारखे पसरावे तशी ती वाट शाईला रुंद, एकसारख्या पट्टीत पसरवते. शाईत कातडीच्या पेशी असतात, कोलॅजेन असते आणि रक्त गोठताना जाळे विणणारे फायब्रिनही असते. आपल्या गुडघ्यावर खपली धरते ती याच फायब्रिनच्या जोरावर. शेजारच्या वाटेने येणारे द्रव्य त्याला थिजवते. दोन मिनिटांच्या आत पट्टी जखमेवर बसते. मापाला कापायला नको, शिवायला नको.

हे वाचताना मला खरोखर उचंबळून आले. ऐरोलीतच कशाला, मंडणगडच्या दवाखान्यातही एका कपाटात मावेल असे यंत्र!

पण पुढची पाने वाचायला हवीत. २०२० साली त्याच मंडळींनी सनीब्रुक रुग्णालयाच्या भाजलेल्यांच्या विभागातील डॉक्टरांबरोबर हे यंत्र पूर्ण जाडीपर्यंत भाजलेल्या जखमांवर वापरून पाहिले. जखमा डुकरांच्या होत्या. डुकराची कातडी आपल्या कातडीच्या बरीच जवळची. शाईत त्यांनी मूळपेशी घातल्या होत्या, जखमा चांगल्या भरल्या आणि आकसणे कमी झाले. डुकरापासून माणसापर्यंतची वाट मात्र लांब असते. अशा छपाईच्या माणसांवरच्या चाचण्या आता कोठे मोजक्या ठिकाणी सुरू होत आहेत. शिवाय शाईत घालायच्या पेशी कोठून आणायच्या? रोग्याच्याच हव्या असतील तर त्या वाढवायला पुन्हा दिवस लागणार. छापलेल्या कातडीत घाम येणाऱ्या ग्रंथी नसतात, केसांची मुळे नसतात. कोकणातल्या वैशाखात घाम न येणारी कातडी हाताएवढी असेल तर चालते. पाठभर असेल तर माणूस उकडून निघेल.

आणि सर्वांत मोठी अडचण कावसजीच्या कपाळाचीच आहे. प्राणवायू रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे पुरेसा पोचत नाही. पातळ कातडीला खालच्या जखमेतून नव्या रक्तवाहिन्या फुटून मिळतात, म्हणून ती जगते. जाड अवयव, यकृत म्हणा, मूत्रपिंड म्हणा, आतून उपाशी मरतो. त्यासाठी वाहिन्याच छापायला हव्यात, पोकळ. इथेही बारीक वाटांची विद्या उपयोगी पडते. एका धारेभोवती दुसरी धार, करंजीच्या सारणाभोवती पारी असावी तशी, सोडायची. बाहेरची थिजवायची आणि आतली वाहून जाऊ द्यायची. राहते ती नळी. थिजवायला बहुधा अल्जिनेट वापरतात, ते कॅल्शियम भेटताच घट्ट होते. हे अल्जिनेट तपकिरी समुद्रशैवालातून काढतात. सर्गॅसम नावाचे तसले शैवाल आपल्या कोकणच्या खडकांवरही उगवते आणि पायाखाली येऊन माणसाला पाडते. व्हँकुव्हरची अॅस्पेक्ट बायोसिस्टिम्स ही कंपनी या पद्धतीवरच उभी आहे. २०२३ साली नोव्हो नॉर्डिस्क या इन्शुलिनवाल्या बड्या कंपनीने तिच्याशी करार केला. मधुमेह्यांच्या अंगात इन्शुलिन करणाऱ्या पेशींचे छापील तुकडे बसवता यावेत, हा त्यातला एक हेतू.

आपल्याकडेही प्रयत्न आहेत. दिल्लीच्या आय. आय. टी. त सौरभ घोष यांनी त्रिमितीय छपाईने कातडीचे नमुने केले आहेत. ते रोग्याला बसवण्यासाठी नव्हेत, औषधे आणि सौंदर्यप्रसाधने तपासण्यासाठी. कोणाला यात निराशा वाटेल. मला वाटली नाही. २०१४ पासून भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी बंद आहे, तेव्हा पावडर-क्रीम कशावर लावून पाहायची? आणि निदानाच्या कामात तर लहानशा चकतीवर थेंब खेळवण्याची ही विद्या खेड्यांत पोचलीसुद्धा. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते आणि क्षयरोगाचा जंतू तासाभरात ओळखते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. थेंब तपासणे सोपे, थेंबातून कातडी घडवणे अवघड. म्हणून एक आधी आले, दुसऱ्याला वेळ आहे.

हे सगळे मी वहिनींना फोनवरून तुकड्यातुकड्यांनी सांगितले. उरलेले यंदाच्या गणपतीत मंडणगडला गेलो तेव्हा सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि एकच विचारले, "किती वर्षं?"

मी म्हटले, "पाच म्हणणारे आहेत, वीस म्हणणारे आहेत. मला विचाराल तर आपल्या गावच्या दवाखान्यात यायला वीस."

"आणि तोवर?"

तोवर त्वचापेढी. मी त्यांना माहिती दिली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कातडी देता येते. देणारा अठरा वर्षांवरील हवा; रक्तगट जुळावा लागत नाही. पेढीचे पथक घरी येते, मांडी आणि पाठ यांवरून पातळ पापुद्रा घेते, पट्टी बांधून देते. चेहऱ्याला हात लावीत नाहीत आणि देह विद्रूप होत नाही. दादा हे ऐकून अस्वस्थ झाला. देहाला अग्नी द्यायचा तो अखंड, असे त्याचे मत. मी वाद घातला नाही. वहिनींनी घातला.

"माझी मांडी जिवंतपणी सोलली तेव्हा तुम्ही कागदावर सही केलीत," त्या दादाला म्हणाल्या. "मेल्यावर सोलली तर मला दुखणार आहे का?"

दादा गप्प बसला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "भावोजी, माझं नाव घाला त्या पेढीत."

तेव्हा मला सांगावे लागले, की पेढी मुंबईत. मंडणगडाहून फोन केला आणि पथक त्या क्षणी निघाले, तरी इथे पोचेपर्यंत पाच-सहा तास जाणार. आणि सहा तासांची मुदत तर मृत्यूपासून मोजतात.

वहिनी थोडा वेळ हिशेब करीत राहिल्या. "म्हणजे मरायलाही मुंबईलाच यायचं का?"

दादा हसला. मला हसू आले नाही. आत पुतणीने मोदकांना उकड काढायला पातेले चढवले होते. वहिनी उठल्या, गॅस बारीक केला आणि उजव्या हाताने तिला मागे सारीत म्हणाल्या, "वाफ येईल. जरा लांब उभी राहा."